एका मदरबोर्डवर सहा ग्राफिक्स कार्डे : यंत्र, वीज आणि हिशेब

स्मरणिकेच्या विद्यार्थी विभागात दरवर्षी एक अभ्यासलेख देण्याची आपली प्रथा आहे. या वेळी विषय शोधावा लागला नाही, तो आमच्याकडे रिक्षात बसून आला. विहाराच्या मागील खोलीत आमची अभ्यासिका आणि रविवारचा संगणक वर्ग भरतो, हे सभासदांना ठाऊक आहेच. पावसाळा संपता संपता संस्थेच्या एक ज्येष्ठ सभासद आयुष्मती आपल्या मुलासह एक लोखंडी सांगाडा घेऊन आल्या. सांगाड्यावर सहा ग्राफिक्स कार्डे ओळीने टांगलेली होती. २०२१ साली मुलाने पतसंस्थेचे कर्ज काढून आणि आईच्या पाटल्या गहाण ठेवून हे यंत्र उभे केले होते. आभासी चलनाचे खाणकाम करून पैसे मिळवावेत हा हेतू. सप्टेंबर २०२२ नंतर यंत्र पलंगाखाली गेले, कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले.

बाईंचा प्रश्न साधा होता : हे पुन्हा चालू होईल का, की भंगारात द्यावे? मुलाचा प्रश्न त्याहून पुढचा होता. चालू झाले तर ते विहाराच्या खोलीत ठेवता येईल का? खोली दिवसभर बंद असते आणि तिचे वीजबिल संस्था भरते.

विद्यार्थी मित्रांनो, पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आमचे चार रविवार गेले. दुसऱ्याचे उत्तर सभेत मिळाले. दोन्हींची हकीकत येथे देत आहोत. ज्याला केवळ कार्डे जोडायला शिकायचे आहे त्यानेही हिशेबाचा भाग गाळू नये, ही विनंती.

खाणकाम म्हणजे नेमके काय

बिटकॉइनचा पहिला ब्लॉक ३ जानेवारी २००९ रोजी तयार झाला. ब्लॉक म्हणजे व्यवहारांच्या नोंदवहीतील एक पान समजा. या वहीत पुढचे पान कोणी जोडायचे हे ठरवायला कोणी कारकून नेमलेला नाही. ज्याला जोडायचे त्याने पानावरील नोंदींना एक आकडा जोडावा, त्या सगळ्यावर हॅश नावाची ठरावीक गणिती क्रिया करावी, आणि आलेले उत्तर ठरवलेल्या मर्यादेच्या खाली आहे का ते पाहावे. नसेल तर दुसरा आकडा घ्यावा. कोणता आकडा चालेल हे विचार करून सांगता येत नाही, तो लावून पाहावाच लागतो. ज्याला प्रथम सापडेल त्याचे पान वहीत लागते आणि त्याला नव्या नाण्यांचे बक्षीस मिळते. जमिनीतून काहीच निघत नाही. खाणीशी साम्य एवढेच की खर्च आधी होतो आणि हाती काय लागले ते नंतर कळते.

आकडे लावून पाहण्याचे हे काम फार साधे आहे, पण ते अफाट वेळा करावे लागते. संगणकाचा प्रोसेसर म्हणजे चार-आठ हुशार माणसे. ग्राफिक्स कार्ड म्हणजे एकच साधे काम एकाच वेळी करणारी हजारोंची फौज. आमच्याकडे आलेल्या जीटीएक्स १६६० सुपर या मध्यम कार्डातही असे १४०८ गाभे आहेत. म्हणून २०१० पासून खाणकामाला ग्राफिक्स कार्डे लागली. २०१३ पासून बिटकॉइनसाठी खास चिप असलेली यंत्रे बाजारात आली आणि त्या नाण्यापुरता ग्राफिक्स कार्डांचा उपयोग संपला. ३० जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या इथेरियमने मात्र अशी हॅशपद्धत निवडली होती की जिला एक मोठा तक्ता कार्डाच्या स्मृतीत ठेवावा लागे. आरंभी हा तक्ता १ जीबीचा होता आणि तो सतत वाढत असे. २०२० च्या अखेरीस ४ जीबीची कार्डे त्याला अपुरी पडली. ६ जीबीची चालत होती, म्हणून २०२१ मध्ये ती चढ्या भावाने विकली गेली. त्याच भावात आमच्या या मुलाने सहा घेतली.

आता मुख्य मुद्दा. खाणकामात सहा कार्डांना एकमेकांशी बोलावे लागत नाही. प्रत्येक कार्ड आपापले वेगळे आकडे लावून पाहते. तक्ता कार्ड स्वतःच तयार करते आणि स्वतःजवळ ठेवते. मदरबोर्डकडून त्याला थोडीशी माहिती येते आणि सापडलेले उत्तर तेवढे परत जाते. सहा मजूर सहा वेगळ्या वाफ्यांत खुरपत आहेत आणि मुकादम दिवसातून दोन-चार वेळा हाक मारतो, असा हा कारभार आहे. एका मदरबोर्डवर सहा कार्डे चालू शकतात ती यामुळेच.

मार्गिका आणि रायझर

ग्राफिक्स कार्ड ज्या खाचेत बसते तिला पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट म्हणतात. लांब स्लॉटमध्ये १६ मार्गिका असतात, लहानात १. तिसऱ्या पिढीच्या एका मार्गिकेतून सेकंदाला सुमारे १ जीबी माहिती जाते. घरगुती संगणकाच्या प्रोसेसरकडे ग्राफिक्ससाठी साधारणतः १६ मार्गिका असतात. म्हणजे प्रत्येकी १६ मार्गिकांची सहा कार्डे अशा बोर्डावर बसणे शक्यच नाही. पण वर सांगितल्याप्रमाणे खाणकामाला एक मार्गिका पुरते, आणि लहान स्लॉट बोर्डाच्या चिपसेटमधूनही मिळतात. मुलाच्या बोर्डावर एक लांब आणि पाच लहान स्लॉट होते. २०१७ मध्ये आसूसने खाणकामासाठीच काढलेल्या बी२५० मायनिंग एक्स्पर्ट या बोर्डावर तर १९ स्लॉट होते.

रुंद कार्ड लहान स्लॉटमध्ये बसवण्यासाठी रायझर वापरतात. एक छोटी पट्टी लहान स्लॉटमध्ये जाते, तिच्यातून केबल निघते आणि ती लांब स्लॉट असलेल्या दुसऱ्या पट्टीला मिळते. ही केबल दिसायला यूएसबीची असते, पण तिच्यातून यूएसबीचे संकेत जात नाहीत. तिचे टोक संगणकाच्या यूएसबी खाचेत कधीही खुपसू नये. आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याचा हात तिकडे गेला होता, वेळीच थांबवला.

वीज : येथे घाई नको

सहा कार्डे जोडताना जे बिघडते त्यातले निम्मे संगणकाचे नसून विजेचे असते. आम्ही हा धडा नाकाने शिकलो. दुसऱ्या रविवारी चार कार्डे चालू असताना खोलीत प्लास्टिक जळाल्याचा वास आला. बटण बंद करून पाहिले तर एका रायझरला वीज देणारा साटा प्लग तपकिरी होऊन वितळला होता. तो जोड रायझरच्या पाकिटातूनच आला होता, म्हणून आम्ही बिनघोर लावला. चूक आमची. आधी आकडेमोड केली असती तर प्लग लावलाच नसता.

ती आकडेमोड अशी. कार्ड आपली वीज दोन ठिकाणांहून घेते. एक स्लॉटमधून, दुसरी वरून लावलेल्या प्लगमधून. स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत वीज घेण्याची मुभा आहे, आणि त्यातली १२ व्होल्टची बाजू साडेपाच अँपिअर, म्हणजे ६६ वॅट आहे. रायझर वापरला की ही वीज मदरबोर्ड देत नाही, रायझरला लावलेला प्लग देतो. साटा प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर. एकूण साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. ६६ मागणाऱ्याच्या ताटात ५४ वाढले तर काय होणार? वायर आणि पिना तापतात, सैल पिन आणखी तापते, आणि शेवटी प्लास्टिक. एकाच साटा केबलवर दोन रायझर लावणे तर आग बोलावण्यासारखे आहे. रायझरला सहा पिनांचा प्लग किंवा जुन्या पद्धतीचा मोलेक्स प्लग लावावा. मोलेक्सची पिन साटापेक्षा बरीच जाड असते. तरीही एका केबलवर दोनपेक्षा अधिक रायझर नकोत.

वरच्या प्लगचे प्रमाण सोपे आहे. सहा पिनांचा ७५ वॅट, आठ पिनांचा १५० वॅट. १६६० सुपरला आठ पिनांचा एक प्लग लागतो आणि तिचा नेमून दिलेला खप १२५ वॅट आहे. सहा कार्डांचे ७५० झाले. बोर्ड, प्रोसेसर आणि पंखे मिळून ७० धरले तर ८२०. एसएमपीएसवर सतत चालणारा भार त्याच्या क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांच्या आत ठेवावा, असा आमचा नियम आहे. मुलाकडे ६५० वॅटचे दोन एसएमपीएस होते. त्यांतील दुसरा त्याने कागदाची टाचणी वाकवून, दोन पिना जोडून चालू केला होता. ही युक्ती पुष्कळ जण करतात. आम्ही ती टाचणी काढून टाकली आणि दोन्ही एसएमपीएस एकदम चालू करणारी, त्यांचे अर्थ एकत्र जोडणारी छोटी जोडपट्टी बसवली. मग तीन कार्डे पहिल्यावर आणि तीन दुसऱ्यावर अशी वाटणी केली. येथे एक नियम मोडू नये : कार्ड आणि त्याचा रायझर यांना वीज एकाच एसएमपीएसमधून मिळाली पाहिजे. आणखी एक गोष्ट. एसएमपीएसच्या सुट्या होणाऱ्या केबली दुसऱ्या एसएमपीएसला लावू नयेत. प्लग सारखा दिसला तरी आतील पिनांची रचना वेगळी असू शकते आणि कार्ड क्षणात मरते.

सांगाड्याला हात लावला की मुंग्या येत होत्या. रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे एक सभासद वायरमन होते. त्यांनी टेस्टर लावून सांगितले की खोलीच्या त्या सॉकेटला अर्थिंगच नाही. किती वर्षे मुले त्या सॉकेटवर संगणक लावत होती कोण जाणे. दुरुस्ती त्याच आठवड्यात झाली. १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट आणि एमसीबी बसला आणि साधे एक्स्टेन्शन बोर्ड वापरणे बंद झाले. या सगळ्या प्रकरणाने संस्थेचा झालेला हा पहिला फायदा.

चौथे कार्ड का दिसेना

जोडणीची पद्धत अशी ठेवा. सुरुवातीला एकच कार्ड, तेही लांब स्लॉटमध्ये, रायझरशिवाय. त्यावर संगणक चालू करा, कार्यप्रणाली आणि ड्रायव्हर बसवा. नंतर संगणक बंद करून, मुख्य बटणही बंद करून, एकेक कार्ड वाढवा. सहाही एकदम लावणाऱ्याला बिघाड कुठे आहे ते सापडत नाही. मुलाने २०२१ मध्ये सहा एकदम लावली होती आणि दोन आठवडे घालवले होते, असे त्यानेच सांगितले.

आमच्याकडे तीन कार्डे निमूटपणे दिसली. चौथे लावताच पडदा काळा. विद्यार्थ्यांनी कार्ड खराब असल्याचा निकाल लगेच दिला. कार्ड बदलून पाहिले, तरी चौथे कोणतेही असो, तेच. म्हणजे दोष कार्डात नव्हता, चौथेपणात होता.

कारण समजून घेण्यासारखे आहे. प्रोसेसर प्रत्येक उपकरणाशी पत्त्याने बोलतो, जसा पोस्टमन खोली क्रमांकाने. ३२ बिटांत मावणारे पत्ते ४,२९,४९,६७,२९६ आहेत, म्हणजे ४ जीबी. या चाळीत मुख्य स्मृतीही राहते आणि उपकरणांसाठी वरच्या मजल्यावरच्या काही खोल्या राखीव असतात. प्रत्येक ग्राफिक्स कार्ड त्यात साधारण ३०० एमबीची जागा मागते. तीन-चार कार्डांत मजला भरतो आणि पुढच्याला खोली उरत नाही. विंडोजमध्ये अशा वेळी उपकरणाच्या नावापुढे कोड १२ असा दोष दिसतो, किंवा बोर्ड मुळात सुरूच होत नाही. उपाय बायोसमध्ये आहे. तेथे अबव्ह ४जी डीकोडिंग नावाचा पर्याय असतो. तो चालू केला की ४ जीबीच्या पलीकडील पत्तेही उपकरणांना देता येतात. ते सामावून घेण्यासाठी कार्यप्रणाली ६४ बिटांची हवी. पर्याय चालू केला आणि चौथे कार्ड दिसले, तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या होत्या.

पाचवे कार्ड वेगळ्याच कारणाने अडले. बोर्डावर एम.२ प्रकारची ड्राइव्ह बसवलेली होती आणि बोर्डाच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिले होते की ती वापरल्यास एक लहान स्लॉट बंद होतो. दोघांना मार्गिका एकच. ड्राइव्ह काढून साध्या साटा केबलवर दुसरी लावली. पुस्तिका वाचणे हे काम कोणीच मनापासून करत नाही, आम्हीही केले नव्हते.

सहावे दिसायचे, पण अर्ध्या तासात गळायचे. बायोसमध्ये स्लॉटची पिढी ऑटो होती, ती पहिल्या पिढीवर आणली. स्वस्त रायझरच्या लांब केबलीतून जलद संकेत स्वच्छ पोहोचत नाहीत. वेग कमी केला की पोहोचतात, आणि खाणकामाला वेग लागतच नाही. ध्वनी आणि सीरियल पोर्ट असे न लागणारे भागही बायोसमधून बंद केले, त्यांच्याही खोल्या मोकळ्या होतात. विंडोजवर आभासी स्मृती सर्व कार्डांच्या स्मृतीच्या बेरजेइतकी ठेवावी लागते, येथे ३६ जीबी. लहान ड्राइव्ह त्यानेच भरते. लिनक्सवर ही कटकट नाही.

पडद्यावरचे तिसरे कार्ड म्हणजे सांगाड्यावरचे कोणते, हा प्रश्न पुढे रोज पडतो. त्या कार्डाच्या पंख्याचा वेग सॉफ्टवेअरमधून वाढवावा. जे घोंगावेल ते. मग त्यावर चिठ्ठी चिकटवावी.

हिशेब

सहाही कार्डे चालली, बाईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे मिळाले. आता पैसे. येथे आम्ही विद्यार्थ्यांना फळ्यावर आकडे मांडायला लावले.

कार्डे नेमून दिलेल्या खपावर चालवली तर ८२० वॅट, एसएमपीएसची कार्यक्षमता ९० टक्के धरता भिंतीतून सुमारे ९११ वॅट. दिवसाला २१.९ युनिटे, महिन्याला ६५६. सॉफ्टवेअरमधून प्रत्येक कार्डाची मर्यादा ८० वॅटवर आणली तर खाणकामाची गती जवळजवळ तेवढीच राहते, कारण ते काम गाभ्यांपेक्षा स्मृतीच्या वेगावर अवलंबून असते. मग भिंतीतून ६११ वॅट, दिवसाला १४.७ युनिटे, महिन्याला ४४०. केवळ एका आकड्याने महिन्याची २१६ युनिटे वाचली. २०२१ मध्ये मुलाने ही मर्यादा लावलीच नव्हती. युनिटला १० रुपये हा हिशेबापुरता दर धरला तरी ४४०० रुपये झाले. शिवाय महावितरणच्या घरगुती दरपत्रकात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर दराचे टप्पे बदलतात. घरचा नेहमीचा वापर मिळवला की यंत्र सगळ्या घराला वरच्या टप्प्यात ढकलते.

आता मिळकत. मिळकतीचे सूत्र एका ओळीचे आहे : सगळ्या जगात चाललेल्या कामात तुमचा वाटा किती, तितका वाटा रोजच्या बक्षिसात. १६६० सुपर इथेरियमवर सेकंदाला सुमारे ३ कोटी १० लाख हॅश करी. सहा कार्डांचे १८ कोटी ६० लाख. आकडा मोठा वाटतो. पण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमच्या जाळ्यात सेकंदाला सुमारे ९०० लाख कोटी हॅश चालत होते. म्हणजे मुलाचा वाटा सुमारे ४८ लाखांत एक. रोजची सुमारे १३,००० नाणी वाटली जात, त्यांपैकी त्याच्या वाट्याला ०.००२७ येत. त्या वेळच्या भावाने दिवसाचे सुमारे तीनशे रुपये. मर्यादा लावली असती तरी त्यातून विजेचे १४७ गेले असते.

आणि कर. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या विक्रीवर भारतात ३० टक्के कर लागू झाला. विकत घेण्याची किंमत तेवढी वजा होते. खाणकामाची यंत्रसामग्री त्या किमतीत धरली जाणार नाही, असे सरकारने मार्च २०२२ मध्ये संसदेत सांगितले. १ जुलै २०२२ पासून व्यवहाराच्या वेळीच १ टक्का कापला जाऊ लागला. म्हणजे कर नफ्यावर नाही, जवळजवळ संपूर्ण मिळकतीवर. तीनशेतून ९० गेले, उरले ६३. यातून कर्जाचा हप्ता, कार्डांची झीज आणि आईच्या पाटल्या.

हे त्रेसष्ट रुपयेही टिकले नाहीत. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली. पान कोणी जोडायचे हे आता आकडे शोधून ठरत नाही, नाणी तारण ठेवणाऱ्यांतून निवड होते. त्या जाळ्याचा विजेचा खप ९९ टक्क्यांहून अधिक उतरला. जगाच्या दृष्टीने चांगले झाले, पण ग्राफिक्स कार्डांचे तेथील काम एका दिवसात संपले. हा बदल होणार हे काही वर्षे आधीपासून जाहीर होते. इथेरियम क्लासिक, रेव्हनकॉइन यांसारखी नाणी कार्डांवर काढता येत होती, पण मोकळी झालेली फौज तिकडे धावली आणि प्रत्येकाचा वाटा कमी झाला. दहा रुपये युनिटच्या विजेवर मिळकतीतून वीजबिलही भागेना. म्हणून यंत्र पलंगाखाली गेले.

एका तरुणाने वर्गात विचारले की बाबासाहेबांनीच चलनाच्या निर्मितीवर मर्यादा असावी असे लिहिले आहे, मग बिटकॉइनची मर्यादा २ कोटी १० लाख नाण्यांची आहे ती त्यांनाही पटली असती ना? प्रश्न अभ्यासू आहे. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात बाबासाहेबांनी सरकारला हवा तेवढा रुपया काढू देण्याला विरोध केला आहे, हे खरे. पण त्यांची चिंता मजुराच्या आणि सामान्य ग्राहकाच्या हातातील रुपयाची किंमत स्थिर राहावी ही होती. जे नाणे वर्षात निम्म्यावर येते आणि पुन्हा दुप्पट होते, त्याला हा ग्रंथ साक्षीला उभा करू नये. ग्रंथ मात्र त्या तरुणाने वाचायला नेला आहे.

सभेत झाले ते

मुलाचा मुद्दा असा होता. घरी वीज परवडत नाही हे मान्य. पण विहाराची खोली दिवसभर रिकामी, बिल संस्था भरते, तेथे यंत्र चालले तर जे मिळेल ते सगळे उरेल. त्यातून कर्ज फिटेल आणि काही भाग संस्थेला देणगी देता येईल. दोन-तीन तरुणांनी त्याला पाठिंबा दिला. त्यांच्या मनात पाप नव्हते, हे आम्ही आवर्जून नमूद करतो. मुलगा कर्जाने घेरलेला होता आणि सहाही कार्डे समोर चालताना दिसत होती.

निवृत्त वायरमन सभासदांनी फळ्यावरचे ४४० युनिटे वाचून दाखवले आणि विचारले, हे ४४०० रुपये कोणाच्या वर्गणीतून जाणार? आपल्या सभासदांत घरकाम करणाऱ्या भगिनी आहेत, सफाई कामगार आहेत. त्यांनी वर्गणी विहारासाठी दिली, खाणकामासाठी कोणी दिली नाही. जे दिलेले नाही ते घेणे याला पंचशीलात नाव आहे, ते आपण दर रविवारी म्हणतो. शिवाय ज्या कारणासाठी वीजजोडणी घेतली त्याहून वेगळ्या कारणासाठी ती वापरणे वीज कायदा २००३ प्रमाणे अनधिकृत वापर ठरू शकते आणि त्याची आकारणी संस्थेवरच येईल.

आणखीही एका गोष्टीचा उल्लेख झाला. कक्करपत्त या कोलियांच्या गावी दीघजाणू नावाच्या गृहस्थाने तथागतांना संसारी माणसाच्या हिताविषयी विचारले होते. त्या उपदेशात समजीविता सांगितली आहे : मिळकत आणि खर्च तराजू धरणाऱ्यासारखे जोखून राहणे. धन गळण्याच्या वाटांत तेथे जुगारही आहे. मग खाणकाम हा जुगार का, यावर बराच वाद झाला. आमचे मत असे की ते मुळात काम आहे. हिशेब मांडून, स्वतःच्या विजेवर, बुडाले तरी घर बुडणार नाही एवढ्या पैशांत कोणी केले तर त्याला जुगार म्हणू नये. भाव वाढेलच या आशेवर पाटल्या गहाण ठेवल्या, तेव्हा ते जुगाराकडे वळले. सर्वांचे यावर एकमत झाले नाही.

यंत्र विहारात चालवायचे नाही, कार्डे तपासून विकण्यास कुटुंबाला मदत करायची, असा ठराव झाला. मुलगा त्या दिवशी न बोलता गेला. पुढच्या रविवारी परत आला आणि कार्डे तपासण्याचे काम त्यानेच केले.

तपासणीत प्रत्येक कार्ड एकेकटे लांब स्लॉटमध्ये बसवून चालवले. धूळ काढली, थर्मल पेस्ट बदलली, दोन पंखे बदलले. एका कार्डात मूळ बायोस बदललेला निघाला, तो पूर्ववत केला. खाणकामात वापरलेले कार्ड खराबच असते असे नाही. कमी विजेवर, एकसारख्या तापमानात चाललेले कार्ड चांगले राहते. पंखे आणि थर्मल पॅड मात्र झिजतात. चार कार्डे विकली. प्रत्येक घेणाऱ्याला ती खाणकामात वापरलेली आहेत हे आधी सांगितले आणि त्यामुळे भाव कमी मिळाला. एक गिऱ्हाईक ते ऐकून परत गेले. आलेल्या पैशांतून पाटल्या सुटल्या. पतसंस्थेचे कर्ज अजून आहे, हप्ता मुलाच्या पगारातून जातो. तो आता एका दुकानात संगणक दुरुस्ती करतो.

उरलेली दोन कार्डे कुटुंबाने अभ्यासिकेला दिली. ती आम्ही दोन वेगळ्या संगणकांत, रायझरशिवाय, लांब स्लॉटमध्ये बसवली आहेत. एकाच संगणकात दोन्ही का नाही, असे पुष्कळ जण विचारतात. ब्लेंडरसारख्या चित्रणाच्या प्रणालीला दोन कार्डे चालतात, पण ६ आणि ६ मिळून १२ जीबी होत नाही, देखावा प्रत्येक कार्डात पूर्ण मावावा लागतो. त्यापेक्षा दोन विद्यार्थी एकाच वेळी शिकलेले बरे. भीमजयंतीच्या मिरवणुकीची चित्रफीत यंदा त्यांवरच जोडली गेली.

सांगाडा, बोर्ड आणि पाच रायझर वर्गात ठेवले आहेत. ज्यांना जोडणी हाताने करून पाहायची आहे त्यांनी रविवारी सकाळी वंदनेनंतर यावे. साटाचे जोड कचऱ्यात टाकले आहेत, एक वितळलेला तेवढा फळ्याशेजारी खिळ्याला टांगला आहे. स्क्रू-ड्रायव्हर प्रत्येकाने आपला आणावा, संस्थेचे दोन गेल्या महिन्यापासून सापडत नाहीत.